घोंगडीवरची जागा

रंजीनं पहिल्या पक्क्या पगारातून घरी प्रेशर कुकर आणला, आणि त्या कुकरच्या शिट्टीचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कुठल्या माणसाचाही आला नाही. हिर्डोशीत आमच्या आळीतला तो पहिलाच कुकर. पहिली शिट्टी झाली तशी आई पदर तोंडावर घेऊन ओटीपर्यंत मागे सरकली, कोंबड्या ओरडत परड्यात पळाल्या आणि शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रंजी मात्र चुलीपुढं मांडी घालून निवांत बसली होती. झाकण निघालं आणि आंबेमोहराचा वास घरभर झाला. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पहिला घास तोंडात घातला आणि दारातल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रंजीच्या हातचा भात हाय ह्यो." शिजवला होता आईनं. मी म्हटलं, मला चुलीवरचाच भात लागतो. कुकर चुलीवरच ठेवला होता, हे रंजीनं लगेच दाखवून दिलं. सगळे हसले. मी सकाळची नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले.

रंजी माझी धाकटी बहीण. मी बी.ए. झालेली, तीही चांगल्या मार्कांनी. ती गणितात कशीबशी तरून दहावी झालेली. लहानपणापासून घरात शब्द चालायचा तो माझा. एस.टी.ची पाटी वाचायला, तलाठ्याकडचा कागद समजून घ्यायला, पाहुण्यांपुढं कविता म्हणायला मीच. आणि आता सगळं घर तिच्या शिट्टीवर उठत-बसत होतं. लोक म्हणतात, बहिणीचं चांगलं झालं की बरं वाटतं. मला वाटलं नाही. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते मला स्वच्छ कळत होतं.

हे सगळं असं उलटं कसं झालं ते सांगायचं तर आमच्या घरच्या खंडेनवमीपासून सुरुवात करायला हवी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाना नांगराचा फाळ, कोयते, कुऱ्हाड, विळे सगळं ओढ्यावर घेऊन जायचे आणि वाळूनं घासून लखलखीत करायचे. मग ओटीवर काळी घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येकाचं अवजार मांडायचं. ज्याची त्याची जागा ठरलेली. नानांचा फाळ उजवीकडं, आईचा विळा डावीकडं, आणि मी शाळेत जायला लागल्यापासून सगळ्यांत वर, मधोमध, माझी पुस्तकं. रंजीचीही पुस्तकं असायची, पण नाना ती माझ्या पुस्तकांच्या खाली घालायचे, घोंगडीचा केरकचरा माझ्या पुस्तकांना लागू नये म्हणून. हळदकुंकू, झेंडूची फुलं, गुळखोबरं. एकदा पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असा नियम. त्यामुळे त्या दिवशी अभ्यास बंद. रंजीला वर्षातला तेवढा एकच सण मनापासून आवडायचा.

मी बारावी झाले आणि रंजी दहावी, त्या उन्हाळ्यात गावच्या शाळेतले गुरुजी घरी आले. मला चित्रकला त्यांनीच शिकवलेली. फूटपट्टी न धरता मी सरळ रेघ मारते, याचं त्यांना फार कौतुक. चहाची बशी ओठांना लावून ते म्हणाले, "नाना, भोरच्या आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा आहेत. शालनला फिटरला घाला. नकाशा वाचणं, माप घेणं, हिच्या हातात ते आहे. दोन वर्षांत शिकून बाहेर पडेल. शिरवळकडं कारखाने उभे राहतायत, त्यांना माणूस मिळत नाही. पगार असा मिळेल की इथं कुणी पाहिला नसेल." नानांचा चेहरा उतरला. गुरुजींनी माझ्यात काही खोट काढावी तसं त्यांना वाटलं असणार. "गुरुजी," ते म्हणाले, "माझी हुशार पोर हातोडा घिऊन लोखंड बडवणार व्हय? मंग तिला एवढं शिकीवलं कशापायी? ती कालेजात जाईल." मी दाराआड उभी होते आणि माझी छाती अभिमानानं फुगली होती. गुरुजींनी रिकामी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग निदान रंजनाला तरी पाठवा." नानांनी तात्काळ मान डोलावली. "तिला न्या. न्हाईतरी ती घरात बसून काय करणार?"

म्हणजे ती जागा माझ्यासाठी आली होती. ती माझ्या दारातून आत आली आणि रंजीला घेऊन गेली. आमच्याकडं तेव्हा हिशोबच तसा होता: डोकं चाललं तर कॉलेज, नाही चाललं तर हात चालवा. आजही फार वेगळा नाही. परवाच एका आईचा मोबाईलवर फोन आला, "मॅडम, पोरगी लई हुशार आहे हो, एवढे मार्क पडलेत, तिला आयटीआयला कशाला घालू?" मी तिला जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघी भोरात एकच खोली घेऊन राहिलो. गावाकडं जायला एस.टी. मोजक्या, पावसाळ्यात त्याही घाटातल्या दरडीच्या मर्जीवर. सकाळी मी पातळाच्या निऱ्या नीट करून, वह्या छातीशी धरून कॉलेजला निघायचे आणि रंजी निळा कोट अडकवून, डब्यात तीन भाकऱ्या कोंबून पळत सुटायची. पहिले कित्येक महिने तिच्या वर्गातल्या सगळ्यांना एकच काम होतं. लोखंडाचा एक तुकडा पकडीत आवळायचा आणि कानशीनं घासत राहायचं, तो सपाट होईपर्यंत. कानस म्हणजे लोखंड घासायची दातेरी पट्टी. घासून झालं की त्यावर काटकोन मोजायचा गुण्या उभा धरून उजेडाकडं बघायचं. मधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. त्या तुकड्याला ते लोक जॉब म्हणत. "आक्का, आज बी माझा जॉब नापास," ती संध्याकाळी हसत हसत सांगायची. हाताला फोड, नखात काळं, आणि अंगाला लोखंडाचा असा वास की भाकरी थापली तर भाकरीला लागायचा. मला मनातून बरं वाटायचं. जेवून पडली की लगेच घोरायला लागायची. मी कंदील कमी करून भारताच्या राज्यघटनेची वैशिष्ट्यं पाठ करत बसायचे.

मग एके संध्याकाळी ती आली ती न बोलता आली. हात धुतले नाहीत, कोट काढला नाही. पिशवीतून तो तुकडा काढून तिनं माझ्या वहीवर ठेवला. "बघ की," म्हणाली. मी बघितलं. हातावर मावेल एवढा चौकोन, आरशासारखा गुळगुळीत, कडा अशा की बोट कापेल. तिनं गुण्याही आणला होता. तो तिनं त्याच्यावर उभा धरला आणि दोन्ही हात वर करून दारातल्या उजेडात नेले. "दिसतोय का उजेड?" मी डोळा बारीक करकरून शोधला. एक केसाएवढी फट मिळावी म्हणून मी इतकं जिवापाड कधी कशाकडं बघितलं नव्हतं. नव्हताच उजेड. "बरा झालाय," मी म्हटलं. त्या दिवसापर्यंत मला तिची कीव यायची. त्या दिवशी पहिल्यांदा हेवा वाटला. मी तेव्हा इतक्या वर्षांचं पाठांतर करून बसले होते, आणि माझ्याजवळ उजेडाकडं धरून बघावं असं काहीच नव्हतं.

त्यानंतर सगळं तिच्या बाजूनंच घडत गेलं. दोन वर्षं संपली, शिरवळच्या एका कंपनीनं तिला शिकाऊ म्हणून घेतलं, वर्षभरात पक्कं केलं. कंपनीची गाडी तिला न्यायला भोरच्या चौकात यायची. खिडकीशी बसून ती मला हात करायची आणि मी एस.टी. स्टँडच्या दिशेला बघत असल्यासारखं करायचे. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. नानांनी गावात पेढे वाटले. पेढे रंजीच्या पैशांचे होते. मी कितीतरी ठिकाणी अर्ज केले, शाळांमध्ये, पतसंस्थांमध्ये, सगळीकडून एकच विचारणा, पुढं काय केलंय? बी.एड.? टायपिंग? नुसत्या बी.ए.ला कुणी ओळखत नव्हतं. मी गावी परत आले आणि आईबरोबर भाताच्या लावणीला उभी राहिले. रविवारी रंजी यायची, पिशवीतून कधी शेव, कधी आईला चोळीचा खण, कधी नानांना चपला. आणि एका रविवारी तो कुकर.

आता माझ्या लग्नाचं बघायला हवं होतं. वेल्ह्याकडून, पासलीहून एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी भातशेती. आमच्याकडं एक रीत होती. मोठीला बघायला पाहुणे येणार असले की धाकटीला शेजारी कुणाच्या तरी घरात बसवून ठेवायचं, उगाच पाहुण्यांची नजर तिकडं वळायला नको. अगदी शेंबड्या धाकट्या बहिणीसुद्धा त्या दिवशी लपवल्या जायच्या. पण रंजीला लपवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तिला काय लपवायची? तिची नखं बघून कोण पसंत करतंय तिला? उलट हाताखाली हाय तेवढी बरी." मलाही ते पटलं. मी रंगानं उजळ, केस लांब, बी.ए. आणि ती सावळी, कापलेल्या नखांची, दंडाला बेडक्या आलेली. म्हणून पोहे मी केले आणि पाण्याचे तांबे घेऊन रंजी गेली.

मुलाबरोबर त्याची आई आणि मामा आले होते. मला पाटावर बसवलं. मामांनी मला नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, घावन जमतात का विचारलं. मी खाली मान घालून उत्तरं दिली. शिक्षण सांगितलं तेव्हा मुलाच्या आई "असं का" म्हणाल्या. तेवढ्यात रंजी तांबे न्यायला आली. मामांनी सहज विचारलं, "आन ही काय करती?" नाना कौतुकानं बोलून गेले, "फिटर हाय. शिरवळला कंपनीत." मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "पक्की का?" "व्हय, औंदा झाली." "पाळी असती का?" "दिवसाचीच." "न्यायला गाडी येती?" "येती की." "बोनस?" आता मुलगाही मान वर करून बघायला लागला होता. मुलाच्या आईंनी रंजीला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं, तिचा हात हातात घेतला. तोच हात, खरखरीत, नखं काळी. "कामाचा हात हाय बाई," त्या म्हणाल्या. मी पाटावर तशीच बसून होते. मला उठ म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पोहे माझे होते, पाहुणे माझे होते, पाट माझा होता, आणि सगळी खोली तिच्याकडं तोंड करून बसली होती. त्या क्षणी रंजी मला नकोशी झाली. हे मी सौम्य करून लिहीत नाही.

निघताना मामांनी नानांना अंगणात बाजूला घेतलं, पण आवाज काही बारीक केला नाही. "नाना, राग नका मानू. थोरली चांगलीच हाय. पण धाकटीचं बघायचं आसंल तर आमी आजच सुपारी फोडू." नाना काही बोलायच्या आत रंजीच ओलं फडकं घेऊन बाहेर गेली. "मला न्हाई करायचं एवढ्यात," ती म्हणाली. "आन आक्काचं झाल्याबिगर तर मुळीच न्हाई. या तुमी." पाहुणे गेले. ती आत आली, उरलेले पोहे पातेल्यातूनच खायला लागली. "आक्का, मीठ झकास पडलंय," म्हणाली. ज्यासाठी मी सकाळपासून न्हाऊन, नवं पातळ नेसून, देवाला नवस बोलून बसले होते, ते तिनं फडक्यानं पुसून टाकावं तसं नाकारलं होतं, आणि वर माझी बाजूही घेतली होती. त्यातलं काय जास्त झोंबलं ते मला आजही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी थांबायला?" ती घास तसाच हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यासाठी कुठं? मला तो पोरगाच आवडला न्हाई." आणि पुन्हा खायला लागली.

खंडेनवमी आली. नानांनी ओढ्यावरून सगळं घासून आणलं, घोंगडी अंथरली. फाळ ठेवला, विळा ठेवला. रंजी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आली होती. तिनं पिशवीतून स्वतःची कानस काढली, बारा इंची, लाकडी मूठ तिच्या हाताच्या घामानं काळी पडलेली. नानांनी ती दोन्ही हातांवर घेतली आणि सगळ्यांत वर, मधोमध, माझ्या पुस्तकांच्या जागी ठेवली. मग त्यांनी मला विचारलं, "शालन, तुझं काय ठिवायचं?" टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते, हात पुढं करून. माझी पुस्तकं मी परीक्षा झाल्यावर भोरातच पुढच्या वर्गातल्या मुलींना अर्ध्या किमतीला विकून टाकली होती, सगळेच विकतात तशी. मी आत गेले, ट्रंकेतून बी.ए.चं गुणपत्रक काढलं आणि आणून दिलं. नानांनी ते उलटसुलट करून बघितलं. वाचता येत नसलं तरी माझे सगळे कागद ते तसेच आदरानं बघायचे. मग त्यांनी ते हळूच माझ्या हातात परत दिलं. "ह्ये पीक झालं पोरी," ते म्हणाले. "अवजार कुठंय?"

आई उदबत्ती लावायला वळली. रंजी खाली बघत होती, आणि तिनं तेव्हा माझ्याकडं बघितलं असतं तर मी तिला मारलं असतं. नानांनी जरा विचार केला. फाळ थोडा उजवीकडं सरकवला, कानस थोडी डावीकडं घेतली, आणि घोंगडीवर मधेच मोकळ्या झालेल्या जागेवर एक झेंडूचं फूल ठेवलं. "ऱ्हाऊ दे मोकळी," ते म्हणाले, "तुझी जागा हाय ही." नुसत्या घोंगडीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते फूल तिथंच होतं, कारण पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही. मी ओटीवरून येताजाता ते बघत होते. एका बाजूला तिची कानस आणि शेजारी माझं फूल.

दसऱ्याच्या सकाळी, नाना सोनं घेऊन देवळात निघाले होते, तेव्हा मी त्यांना उंबऱ्यातच गाठलं. "नाना, मला आयटीआयला जायचंय. फिटरला." ते थांबले. "बी.ए. होऊन?" "व्हय. बी.ए. होऊन." "तुझ्याहून बारकी पोरं असतील तिथं." "असू देत." "हाताला फोड येतील." "रंजीला आलेच की." रंजीचं नाव मी एवढ्या रागानं घेतलं की त्यांना हसू आलं असावं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि चपला घातल्या. त्या चपला रंजीनं आणलेल्या होत्या.

पुढचा जून उजाडला आणि मी दाखल झाले. वर्गात सगळ्यांत थोराड मीच. पोरं मला मावशी म्हणायची. फोड आले, फुटले, पुन्हा आले. पहिल्या तुकड्यावर गुण्या धरला तेव्हा नुसता उजेड नाही, आख्खी वरंधा घाटाची वाट दिसली. पण मला एक गोष्ट ठाऊक होती जी बाकीच्या पोरांना ठाऊक नव्हती. तो तुकडा सपाट झाल्यावर कसा दिसतो ते मी एकदा जवळून बघितलेलं होतं, आणि तो माझ्या बहिणीचा होता. बाकीचे नोकरीसाठी घासत होते. मी रंजीसाठी घासत होते. पुढं त्याच कामानं माझं पोट चांगलं भरलं, आधी कारखान्यात आणि नंतर पोरापोरींना हाच धंदा शिकवणारी निदेशक म्हणून निवृत्त होईपर्यंत. रंजी आता फोनवर म्हणते, "तुला पेन्शन हाय बाई, आमाला कुठली!" ते ऐकायला मला फार आवडतं. मी मुद्दाम तिला दोनदा म्हणायला लावते.

आयटीआयच्या त्या पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी भोरहून येताना हार्डवेअरच्या दुकानातून एक कोरी कानस घेतली आणि कागदात गुंडाळून आणली. नानांनी घोंगडी अंथरली. फाळ ठेवला, विळा ठेवला, रंजीची कानस ठेवली, आणि मधली जागा न सांगता मोकळी सोडली. मग माझ्याकडं हात पुढं केला. मी कागद सोडला. नानांनी ती घेतली, हातावर तोलून बघितली, रंजीच्या कानशीशेजारी नीट जुळवून ठेवली. तिच्यापेक्षा ती दोन्ही टोकांनी बाहेर येत होती. रंजी वाकली. उचलून बघायला तिचा हात पुढं आला, तसे नाना ओरडले, "हात न्हाई लावायचा, पूजेत हाय!" तिनं हात मागं घेतला आणि नुसतीच बघत राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "चौदा इंची कशाला गं आणलीस?"

"लागती," मी म्हटलं.

पहिल्या वर्षाला बारा इंची पुरते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.